द्रव्य, स्पर्श आणि पडदा : बारामती-इंदापूर परिसरातील ऐतिहासिक वस्तूंच्या अंकीय सादरीकरणाचा एक विचार

सारांश :
ऐतिहासिक वस्तूंचे अंकीय (डिजिटल) रूप तयार करताना वस्तूचे छायाचित्र आणि तिची माहिती एवढ्यावरच बहुधा समाधान मानले जाते. वस्तू कोणत्या द्रव्याची आहे, तिचे वजन किती, तिचा पोत कसा, ती हातात कशी धरली जाते आणि वापरताना तिचा आवाज कसा होतो, हे गुण या प्रक्रियेत गळून पडतात. प्रस्तुत निबंधात बारामती व इंदापूर तालुक्यांशी निगडित असलेल्या तीन वस्तूंचा या दृष्टीने विचार केला आहे : उजनी जलाशयातील पळसदेवचे मंदिर व तेथील कोरीव शिळा, घरोघरचे जाते आणि मोरोपंतांच्या काळातील हस्तलिखित पोथी. वस्तूचे द्रव्यगुण ही सजावटीची बाब नसून तो स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा आहे आणि अंकीय सादरीकरणाची रचना त्या गुणांतूनच घडली पाहिजे, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : द्रव्यगुण, अंकीय वारसा, वीरगळ, जाते, ओवी, पोथी, उजनी.

१. प्रास्ताविक

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा प्रामुख्याने कागदावर उभी आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि अस्सल कागदपत्रांचा संग्रह व प्रकाशन हे संशोधनाचे मुख्य कार्य ठरले. या परंपरेचे ऋण मोठे आहे. मात्र तिच्यामुळे एक सवयही रुजली. कागदावरील मजकूर म्हणजे इतिहास आणि स्वतः कागद हे त्याचे केवळ वाहन, अशी ती सवय होय. मजकूर छापून झाला की मूळ कागद रुमालात परत जातो.

वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहणारे संग्राहकही याच पुण्यात होऊन गेले. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तू जमवल्या. राजे-सरदारांच्या शस्त्रांइतकेच मोल त्यांनी घरातल्या अडकित्त्याला दिले. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय त्या दृष्टीची साक्ष आहे. पण संग्रहालयाचीही एक मर्यादा असते. वस्तू काचेमागे गेली की हाताला पारखी होते. अडकित्ता दिसतो, पण सुपारी कातरताना तो अंगठ्याखाली कसा दाबला जातो, हे कळत नाही.

एकविसाव्या शतकात या दोन्ही परंपरांवर अंकीय तंत्राची भर पडली. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली विकसित केली आणि तिच्या आधारे अनेक राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी महाजालावर आल्या. या प्रयत्नांमुळे वस्तू दूरवरच्या अभ्यासकापर्यंत पोहोचली. परंतु काचेची जागा पडद्याने घेतली. पडद्यावर दगड, लाकूड, कागद आणि धातू या सर्वांना एकच पोत येतो, तो काचेचा. या गुळगुळीतपणात काय हरवते, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

युरोपात हा प्रश्न ‘मेश’ या प्रकल्पाने (२०१३-२०१७) हाताळला. युरोपीय संघाच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात संग्रहालये, रचनाकार व संगणकतज्ज्ञ एकत्र आले होते. २०१५ मध्ये हेग शहरातील दुसऱ्या महायुद्धकालीन तटबंदीविषयीच्या प्रदर्शनात प्रेक्षकाच्या हाती वस्तूची प्रतिकृती देण्यात आली. ती प्रतिकृती ठरावीक जागी ठेवली की त्या त्या व्यक्तीची कथा ऐकू येई. माहितीकडे जाण्याची वाट कळफलकातून नव्हे, तर वस्तूतून जावी, हे त्यामागचे सूत्र होते. हे सूत्र आपल्या परिसरातील वस्तूंना लावून पाहणे उपयुक्त ठरेल. मात्र ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. आपल्याकडच्या पुष्कळशा वस्तू संग्रहालयात नाहीत. त्या पाण्यात, देवळात, परसात आणि माळ्यावर आहेत.

२. पाण्यातील दगड : पळसदेव

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात दूरवर पसरला आहे. या पाण्याखाली जी गावे गेली त्यांत जुने पळसदेव होते. गाव पुणे-सोलापूर मार्गालगत नव्या जागी वसले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात राहिले. प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासकांना पळसदेव हे नाव परिचित आहे. बाराव्या शतकातील मराठी शिलालेखांत तेथील लेखाची गणना होते. मंदिराच्या परिसरात वीरगळ आणि सतीशिळाही आहेत.

उजनीच्या साठ्याची मोजणी येथे समजून घेणे आवश्यक आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आणि सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा आहे. उपयुक्त साठा संपला की पातळी ‘उणे’ टक्क्यांत सांगितली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली आणि पळसनाथाचे मंदिर उघडे पडले. अभ्यासक, छायाचित्रकार व भाविक यांची पावले तिकडे वळली. म्हणजे जे वर्ष शेतकऱ्याला आणि जनावरांना सर्वांत कठीण, तेच इतिहासाच्या अभ्यासकाला सोयीचे, असा हा विलक्षण योग आहे. पाणी भरले की मंदिर पुन्हा दिसेनासे होते.

या मंदिराचे सर्वांगीण मापन करून त्रिमिती प्रतिमा तयार करणे आज तंत्रदृष्ट्या कठीण नाही. अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणक अशी प्रतिमा बांधू शकतो. परंतु ती प्रतिमा पडद्यावर सदैव कोरडी, सदैव उजळ आणि सदैव उपलब्ध असेल. पळसदेवच्या मंदिराचे सत्य असे नाही. गेल्या चार दशकांत भिजणे व वाळणे यांच्या आवर्तनाने त्याचा दगड आणि चुना घडत-झिजत आला आहे. म्हणून येथे सादरीकरणाची रचना पाण्याशी बांधली जावी. पाटबंधारे खात्याकडून उजनीची पातळी रोज जाहीर होते. पडद्यावरील मंदिर त्या दिवशीच्या पातळीइतकेच पाण्यात असावे. भरल्या जलाशयाच्या काळात प्रेक्षकाला पाणी दिसावे आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या आठवणी ऐकू याव्यात. दुष्काळात मंदिर दिसावे. काही महिने काहीच न दाखवणारे संकेतस्थळ अव्यवहार्य वाटेल. परंतु न दिसणे हाच या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे आणि विस्थापितांच्या पिढीने तो भाग अनुभवला आहे. अभ्यासकासाठी संपूर्ण प्रतिमा स्वतंत्रपणे उपलब्ध ठेवता येईल.

कोरीव शिळांचा प्रश्न वेगळा आहे. वीरगळावर साधारणतः खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असते. त्याहून वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. भर दुपारी अशा शिळेसमोर उभे राहिले तर यातील निम्मेही दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले की हात, ढाल, घोड्याची मान असे एकेक आकार उमटू लागतात. क्षेत्रीय काम केलेल्या प्रत्येक अभ्यासकाला हा अनुभव असतो. शिलालेख वाचणाऱ्यांनी त्यावर फार पूर्वी उपाय काढला होता. ओला कागद दगडावर दाबून, त्यावर शाई फिरवून लेखाचा ठसा घ्यायचा. ठसा म्हणजे दगडाच्या खोलगटपणाशी कागदाने केलेली हातमिळवणी होय. वस्तूच्या द्रव्यगुणांवर आधारलेली प्रतिकृती ही कल्पना म्हणूनच आपल्याला परकी नाही.

याच तत्त्वाचे अंकीय रूप २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याची जागा बदलत एकाच पृष्ठभागाची अनेक छायाचित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांवरून प्रत्येक बिंदूचा उतार काढतो. मग पडद्यावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरवून झिजलेले अक्षर वाचता येते. येथे साधन आणि वस्तू यांचे नाते योग्य जुळते. दगडाचा मुख्य गुण उंचसखलपणा आणि त्याचा उलगडा करणारे माध्यम प्रकाश आहे. प्रेक्षकाने कळ दाबण्याऐवजी हातात कंदील धरून तो फिरवावा आणि समोरच्या प्रतिमेवर तसतशी सावली सरकावी, अशी साधी मांडणी कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. तीत वीरगळ ‘वाचण्याची’ जुनी रीतच प्रेक्षकाच्या हाती पडते.

येथे एक अडचण नोंदवली पाहिजे. पुष्कळ गावांत वीरगळाला शेंदूर लावतात, तेल वाहतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने शेंदराचा थर म्हणजे कोरीवकामावरील आवरण होय. गावाच्या दृष्टीने तोच त्या शिळेचा जिवंतपणा आहे. शेंदूर खरवडून ‘मूळ’ दगडाची प्रतिमा घेणे हा इतिहासाचा एक थर पुसून दुसरा दाखवण्याचा प्रकार ठरेल. द्रव्यगुणांचा विचार प्रामाणिकपणे करायचा तर शेंदूर हाही पुरावाच मानावा लागतो.

३. फिरणारा दगड : जाते

पळसदेवचा दगड स्थिर आहे, जात्याचा फिरता. दोन तळ्या, मधला खिळा, वरच्या तळीत ठोकलेला लाकडी खुंटा आणि वैरण घालण्याचे तोंड एवढीच त्याची रचना. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड येते. मग टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करावा लागतो. हे काम करत गावोगाव फिरणारे टाकारी अनेकांच्या आठवणीत आहेत. विजेवरची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि जाते परसात किंवा लग्नातल्या हळदीपुरते उरले.

जाते थांबले तेव्हा त्याच्यासोबत ओवीही थांबू लागली. तिचे मोल ओळखून गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदल्या गेल्या. संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १९९० च्या दशकात त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी येथील गायिकांच्या ओव्याही त्यात आहेत. जिच्या अक्षरशत्रू असण्याची नोंद जनगणनेत होई, तिने रचलेले काव्य अशा रीतीने तिच्या नावानिशी, गावानिशी जतन झाले, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लहान नाही.

तथापि द्रव्यगुणांचा प्रश्न येथेही उरतोच. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याने घडते. वैरण घालण्यासाठी हात मोकळा करावा लागतो, तेथे ओळ थांबते. दोघी समोरासमोर बसून ओढतात तेव्हा एकीची ओळ दुसरी उचलते. दळताना लागणारा दम हा त्या छंदाचा अदृश्य घटक आहे. ओवी वहीत उतरली की शब्द उरतात. ध्वनिमुद्रणात स्वरही उरतो. परंतु ओढ, वजन आणि दम उरत नाहीत. परिणामी आजच्या विद्यार्थ्याला ओवी हे मधुर गीत वाटते. ते श्रमाचे गीत होते, हे त्याला सांगावे लागते.

हे न सांगता कळावे यासाठी सादरीकरण खुंट्यात असले पाहिजे. एखाद्या जुन्या जात्याच्या खुंट्याला फेऱ्यांची गती मोजणारे छोटे यंत्र जोडता येते. जाते फिरवले तरच ओवी ऐकू यावी. हात थांबला की ती थांबावी. वैरण घातली नाही तर दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज यावा. पंचवीस फेऱ्यांनंतर दंड भरून आलेल्या विद्यार्थ्याला पायलीभर ज्वारी दळणे म्हणजे काय, हे पानभर वर्णनाहून अधिक स्पष्ट होईल. कळ दाबताच हवी ती ओवी ऐकवणारे यंत्र सोयीचे आहे. परंतु ती सोय ज्या बाईला कधीच लाभली नाही, तिच्या गाण्याचा अर्थ त्या सोयीतून पोहोचत नाही.

याला एक पथ्यही आहे. ओवीत सासुरवासाचे, कर्जाचे, जिवलगाच्या मृत्यूचे खाजगी बोल असतात. ते सांगण्याचे स्थळ पहाटेचा अंधार आणि ऐकणारे जाते होते. भर सभागृहात ध्वनिवर्धकावर ते वाजवणे हा त्या स्थळाचा भंग आहे. जात्याजवळ बसणाऱ्या एक-दोघांनाच ऐकू येईल इतका आवाज ठेवणे, हा तांत्रिक तपशील नसून नैतिक निर्णय आहे.

४. सुटी पाने : मोरोपंत आणि पोथी

पन्हाळा येथे १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत बारामतीकर बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. आर्याभारत, केकावली आणि अष्टोत्तरशत रामायणे यांनी त्यांचे नाव मराठी घराघरांत गेले. हे सर्व काव्य ज्या काळात रचले गेले, त्या काळी मराठी ग्रंथनिर्मिती हाती लिहिलेल्या पोथ्यांतून चालत होती. परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (१८५४) सारख्या संग्रहांतून मोरोपंत छापील रूपात शाळेपर्यंत पोहोचले.

छपाईने काय बदलले, हे पाहणे अंकीय रूपांतराच्या चर्चेत उद्बोधक ठरते. पोथीची पाने सुटी असतात. दोन फळ्यांमध्ये ठेवून ती बासनात बांधली जातात. वाचताना पान डावीकडे नव्हे, तर वर उलटले जाते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ अखंड चालते आणि पद कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याने जाणावे लागते. कागद घोटून गुळगुळीत केलेला असतो, म्हणून बोरू अडत नाही. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासला जातो. ‘हरताळ फासणे’ हा आजही रूढ असलेला वाक्प्रचार याच लेखनव्यवहारातून आला आहे. छापील पुस्तकाने पदे तोडून दिली, चुका काढून टाकल्या आणि पान बांधले. वाचन सोपे झाले. मात्र लेखकू कोठे अडखळला आणि कोणते पान अधिक हाताळले गेले, हे कळण्याची वाट बंद झाली.

आजच्या अंकीकरणात छपाईचीच पुनरावृत्ती होताना दिसते. सपाट पांढऱ्या प्रकाशात पानाची प्रतिमा घेतली जाते. अक्षर स्वच्छ दिसते, परंतु हरताळाखाली काय लिहिले होते ते दिसत नाही. मागून प्रकाश टाकला तर हातकागदाच्या साच्याच्या जाळीच्या रेषा दिसतात आणि त्यांवरून पानापानांचे कागद एकाच घाण्याचे आहेत की निराळे, याचा अंदाज बांधता येतो. तिरपा प्रकाश टाकला तर बोरूचा दाब आणि घोटाईची चमक दिसते. म्हणून प्रत्येक पानाच्या किमान तीन प्रतिमा असाव्यात : समोरून, तिरप्या आणि मागून येणाऱ्या प्रकाशातील. वाचकाला त्या एकमेकींत बदलता याव्यात. पडद्यावरील पानही वरच्या बाजूस उलटावे. हे क्षुल्लक वाटेल, पण पुस्तकासारखे पान उलटणारी पोथी पाहून विद्यार्थी पोथीला बांधीव पुस्तक समजू लागतो.

मोरोपंतांच्या रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायण’ या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. ओठ जुळवून उच्चारावी लागणारी अक्षरे त्यात वर्ज्य आहेत. डोळ्यांनी वाचताना हे कौशल्य लक्षातही येत नाही. मोठ्याने वाचताना ओठ एकमेकांना भेटत नाहीत, तेव्हाच ते उमगते. या काव्याचे द्रव्य कागद वा शाई नसून वाचणाऱ्याचे मुख आहे. त्याचे सादरीकरण करायचे तर वाचकाला मोठ्याने म्हणण्यास प्रवृत्त करणारे हवे. मूकपणे पाहिलेली प्रतिमा येथे कितीही सुस्पष्ट असली तरी अपुरी आहे.

५. चर्चा

वरील तिन्ही उदाहरणांतून एक समान सूत्र हाती येते. दगडाला तिरपा प्रकाश हवा, जात्याला ओढणारा हात हवा, पोथीला वर उलटणारे बोट आणि म्हणणारे मुख हवे. वस्तू स्वतःच तिच्याशी कसे वागावे हे सुचवते. ते ऐकले की तंत्र दुय्यम होते आणि बहुधा स्वस्तही होते. कंदील, खुंटा आणि मागून लावलेला दिवा यांसाठी मोठ्या निधीची गरज नसते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अशा मांडणीमुळे प्रेक्षक अनुभवात रमेल आणि पुराव्याची शिस्त सैल होईल. हा आक्षेप रास्त आहे. जाते ओढल्याने विद्यार्थ्याला गेल्या शतकातील स्त्रीचे जीवन कळले, असा भ्रम होऊ शकतो. त्याला पंचवीस फेऱ्यांनंतर थांबता येते, तिला येत नव्हते. ही मर्यादा मांडणीतच सांगितली गेली पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की मूळ वस्तूंच्या जतनालाच पैसा व माणसे नसताना हा विचार चैनीचा आहे. याचे उत्तर असे, की जतन कशाचे करायचे हे द्रव्यगुण ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही. कागदाचे महत्त्व मजकुरापुरतेच मानले तर छायाचित्र घेतल्यानंतर पोथी वाळवीच्या स्वाधीन करण्यास कोणाचीच हरकत उरत नाही. ओवी म्हणजे केवळ शब्द मानले तर जाते भंगारात गेल्याचे दुःख होत नाही. अंकीय प्रत हे मूळ वस्तू टाकून देण्याचे निमित्त ठरू नये. तिने मूळ वस्तूकडे परत नेले पाहिजे.

६. समारोप

बारामती व इंदापूर हे तालुके आज ऊस, साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि शिक्षणसंस्था यांसाठी ओळखले जातात. बदलाचा वेग येथे मोठा आहे. धरणाने गाव हलवले, विजेने जाते थांबवले, छपाईने पोथी मिटवली. यांतील कोणताही बदल वाईट होता असे म्हणता येणार नाही. उजनीच्या पाण्याने शेती फुलली आणि गिरणीने स्त्रियांची पहाट मोकळी केली. परंतु प्रत्येक बदलात मागे उरलेल्या वस्तूच्या अंगावर त्या बदलाची खूण आहे : पाण्याची रेघ, बोथट झालेली टाकी, हरताळाचा पिवळा ठिपका.

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी आजही जाते आहे, कोणाच्या माळ्यावर पोथी आहे, कोणाच्या शिवारात वीरगळ आहे. इतिहास, मराठी, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन अशा एका वस्तूपासून आरंभ केला तरी पुरेसे आहे. त्या वस्तूचे माप आणि वजन घ्यावे, ती कोणाच्या हातात होती ते विचारावे, घरमालकाची संमती घ्यावी आणि मगच कॅमेरा काढावा. हा क्रम उलटला तर पडद्यावर वस्तूचे चित्र राहील, वस्तू राहणार नाही.